बंद लाईन

आमच्या खात्यात एमएस म्हणजे माईल्ड स्टील. खांब एमएस, क्रॉस आर्म एमएस, क्लॅम्प एमएस. त्यामुळे २०१२ साली नाशिकच्या न्यूरोलॉजिस्टनी एमआरआयच्या फिल्मा उजेडावर धरून "हा एमएस आहे" असं सांगितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे लोखंडच आलं. स्टेशनवरून घरी फोन केला तर थोरल्या बहिणीने विचारलं, "म्हणजे ते एमएस-सीआयटीचं काही का?" माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तेव्हा तिच्या कॉम्प्युटरच्या कोर्सचं काहीतरी राहून गेलं असेल असा बहिणीचा समज. वेळ हसण्याची नव्हती, तरी नाशिक रोडच्या बाकावर आम्ही दोघं हसलो. त्यानंतर बरीच वर्षं या आजारावर आम्ही एकत्र हसलो नाही, आणि त्याला कारण मी.

सरळच सांगतो. बायकोला आजार आहे हे मी पहिल्या दिवसापासून मानलं. त्यात तिला दुखतं, हे मात्र मी जवळजवळ तीन वर्षं मानलं नाही. चालताना डावा पाय घासायचा, ते दिसत होतं. जिन्यावर तोल जायचा, ते दिसत होतं. हातातून कप सुटायचा, फुटल्याचा आवाज यायचा. दुखण्याला आवाज नव्हता. तोंडाने ती सांगायची तेवढाच काय तो पुरावा, आणि तो मला पुरेसा वाटत नव्हता.

मी जळगाव जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं लाईनमन होतो. आता निवृत्त आहे. माझी अडचण अशी झाली की डॉक्टरांनी आजार समजावला तो माझ्याच भाषेत. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवर मायेलिन नावाचं आवरण असतं. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी चुकून त्या आवरणालाच शत्रू समजतात आणि ठिकठिकाणी ते कुरतडतात. तिथे कडक वण उरतात. स्क्लेरोसिस म्हणजे हे कडक होणं, आणि वण अनेक म्हणून मल्टिपल. "वायरचं इन्सुलेशन गेल्यासारखं समजा," असं ते म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं सांगत असतील. मला वाटलं, खास माझ्यासाठी सांगितलं. झालं, मी त्या दिवसापासून बायकोच्या आजारातला तज्ज्ञ झालो.

माझा हिशेब सोपा होता. आवरण गेलं, सप्लाय पोचत नाही, म्हणून पाय बधिर. ज्या घरात सप्लायच नाही तिथे शॉक कसा बसेल? बधिर पाय दुखेल कसा? हा प्रश्न मी तिला विचारला, मेहुण्याला विचारला, पारावर बसणाऱ्या मंडळींना विचारला. सगळ्यांनी माना डोलावल्या. बायको तेवढी गप्प बसली, आणि तिच्या गप्प बसण्याचाही मी मला हवा तसा अर्थ लावला.

खरं तर दुखण्याने आजाराच्याही आधी वर्दी दिली होती. २००९ साली तिचा डावा डोळा दुखायला लागला. नुसता नाही, फिरवला की. "डोळ्याच्या मागून कोणीतरी दोरा ओढतंय," असं ती म्हणायची. त्या डोळ्याने लाल रंग विटक्या विटेसारखा दिसायचा. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी नंबर वाढल्याचं सांगून चष्मा दिला. महिन्याभरात डोळा आपोआप निवळला आणि श्रेय चष्म्याला गेलं. ती डोळ्याच्या नसेची सूज होती, आणि बुबुळ हलवताना होणारं दुखणं हीच तिची खूण असते, हे आम्हाला कळायला तीन वर्षं लागली.

मग करंट आला. हा शब्द तिचाच. वह्या तपासताना मान खाली घातली की मानेतून पाठीत, पाठीतून मांडीपर्यंत झणकन काहीतरी जायचं आणि मान वर केली की बंद. तिने हे सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. मी म्हणालो, "करंट काय असतो ते तू मला सांगणार?" मुलगी पण हसली. आता विचार करतो तर इतकं नेमकं वर्णन मला एखाद्या ज्युनिअर इंजिनिअरनेही दिलं नसतं: कुठून सुरू होतो, कुठवर जातो, कधी चालू, कधी बंद. या करंटला शंभर वर्षांपासून नावसुद्धा आहे. झां लेर्मित या फ्रेंच डॉक्टरांनी १९२४ साली त्यावर लिहिलं, म्हणून लेर्मितची खूण. मानेतल्या कण्यातल्या ज्या तंतूंचं आवरण गेलंय ते मान वाकवल्यावर ताणले जातात आणि एकदम पेटतात. त्याला बहुतेकदा औषधही लागत नाही. माणसाला कोणीतरी एवढंच सांगावं लागतं की हे असतं, याने तू मरणार नाहीस. माझ्याकडून तिला हसू मिळालं.

आता टेस्टरची गोष्ट. ही मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

२०१४ चा मे महिना. जळगावचा मे ज्याने काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. दिवसा पारा पंचेचाळीसला टेकतो आणि रात्री भिंती दिवसभराची आग परत करतात. आम्ही गच्चीवर झोपायचो. रात्री दीडच्या सुमाराला हिने पांघरुणाची चादर लाथाडली. तिचं टोक पायाला लागलं म्हणून. "चटका बसतो," म्हणाली. सुती चादर, हजार वेळा धुतलेली. मी दिवसभर तारा ओढून आलेलो. मी म्हणालो, "पायाला काही कळत नाही म्हणतेस, आणि चादर लागते?" ती तोंड फिरवून पडून राहिली. मला झोप येईना. तासाभराने ती झोपलीय असं बघून मी उठलो, शर्टाच्या खिशातला टेस्टर काढला आणि त्याचं टोक तिच्या डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेला टेकवलं. मग दाबलं. मग आणखी दाबलं, बऱ्यापैकी. पाय हलला नाही. मी टेस्टर खिशात ठेवला आणि शांत झोपलो. फॉल्ट सापडला होता, आणि तो माझ्या मते पायात नव्हता.

त्यानंतरचं वर्ष मी वाईट वागलो असं कोणी म्हणणार नाही. औषधं आणली, दवाखान्याच्या खेपा केल्या. एक दिवसाआड घ्यायची इंटरफेरॉनची इंजेक्शनं तेव्हा चालू होती, तीही वेळेवर द्यायचो. फक्त दुखण्याचा विषय निघाला की मी उठून अंगणात जायचो. इतकी महागडी इंजेक्शनं देऊनही दुखतं म्हणजे काय, असा एक रागही होता. ती इंजेक्शनं नवे हल्ले कमी करण्यासाठी असतात. आधीच पडलेले वण पुसणं किंवा दुखणं थांबवणं हे त्यांचं कामच नाही. मी कोणाला विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. विचारलं नाही.

एका पहाटे तिला छातीभोवती आवळायला लागलं. बरगड्यांभोवती चामड्याचा पट्टा घालून कोणीतरी एकेक भोक घट्ट करतंय, असं. घाबरून दवाखान्यात नेलं. ईसीजी व्यवस्थित, बीपी व्यवस्थित. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी गॅस आहे म्हणून पिवळं औषध दिलं. परत येताना रिक्षात मी एक शब्द बोललो नाही, आणि माझं न बोलणं तिला नीट ऐकू आलं. या पट्ट्यालाही नाव आहे. इंग्रजीत त्याला चक्क मिठी म्हणतात. अशी मिठी वैऱ्यालाही नको. कण्यातल्या वणांमुळे कधी बरगड्यांमधले स्नायू आखडतात, तर कधी नुसती नसच तसा खोटा निरोप देते. हृदयाचं काही नाही ना हे एकदा बघून घ्यावंच लागतं, त्यामुळे त्या पहाटेची धावपळ चुकीची नव्हती. परत येतानाची रिक्षा चुकीची होती.

२०१५ च्या जूनमध्ये नाशिकला तपासणी होती. डॉक्टरांनी त्या दिवशी वेळ घेऊन पाय तपासले. आधी पिन. "टोचतंय?" नाही. मग लोखंडी चिमटा, ट्यूनिंग फोर्क म्हणतात तो, एसीत गार पडलेला. "गार लागतोय?" नाही. मी मनात म्हटलं, बघा. मग त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि पावलावरून अलगद फिरवला. ती टेबलावरून उठूनच बसली. डोळ्यांत पाणी. डॉक्टरांना त्याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही. ते लिहिता लिहिता म्हणाले, "टोचलेलं आणि गरम-गार वर नेणारा रस्ता कण्यात खराब झालाय. तो खराब झाला की त्याच भागात अशी आग होते. हे असंच असतं." मग माझ्याकडे बघून, "रात्री जास्त होतं का?"

मला बोलता येईना. तिने सांगितलं, "हो. रात्री जास्त."

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली होती. मनमाडला मी चहा घेतला, दोन कप. तिने कप दोन्ही हातांत धरला आणि बाहेर बघत म्हणाली, "डॉक्टरांनी पिन लावली. तुम्ही टेस्टर लावला होता."

मी म्हणालो, "तू जागी होतीस?"

"आगीत झोप कुठे लागते? टोचलं नाही, खरं सांगते. लांबून कोणीतरी मोज्यावरून हात लावल्यासारखं वाटलं. पण तुम्ही उठलात, खिशातून काढलात, ते दिसत होतं ना."

बस, एवढंच. तिने पुन्हा तो विषय कधी काढला नाही. चाळीसगाव येईपर्यंत मी बाहेर बघत होतो. अंधार होता, बघण्यासारखं काही नव्हतं.

लाजेने माणूस बदलतो असं म्हणतात, माझा अनुभव तसा नाही. लाज आठवडाभरात बोथट होते. माझं मत बदललं ते दुसऱ्याच एका गोष्टीने. तिकडून आल्यावर पाच-सहा दिवसांनी अकरा केव्हीच्या एका फीडरवर काम निघालं. नेहमीप्रमाणे परमिट घेतलं, एबी स्विच उघडला, तिन्ही फेजना डिस्चार्ज रॉड लावला, अर्थिंग केलं आणि मग पोरांना वर चढू दिलं. नवा हेल्पर कुरकुरला, "दादा, लाईन तर बंद आहे, एवढं कशाला?" मी त्याला जे गेली वीस वर्षं प्रत्येक नव्या पोराला ऐकवत आलो तेच ऐकवायला तोंड उघडलं. बंद लाईनवर भरवसा ठेवू नये. शेजारून तेहेतीस केव्हीची लाईन जात असेल तर बंद तारेतही ताण उभा राहतो. कुठल्या तरी मंगल कार्यालयाचा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर रिटर्न सप्लाय येतो. माझ्या डोळ्यांदेखत एकाची तीन बोटं अशाच बंद लाईनने नेली आहेत. हे सगळं जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. तारेबद्दल मी इतका सावध होतो, आणि बायकोच्या पायाबद्दल छातीठोकपणे सांगत होतो की तिथे सप्लाय नाही, तेव्हा तिथे काही होऊच शकत नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना मी हे विचारलं, माझ्याच भाषेत. ते म्हणाले, बरंचसं तसंच. खालून येणारी बातमी तुटली की वरच्या पेशी गप्प बसून राहत नाहीत. त्या जास्त हळव्या होतात, कशावरही पेटतात, आणि आतल्या आत तयार झालेली ही आग मेंदूला पायातलीच वाटते. म्हणून तिच्या पायाला जखम नाही, सूज नाही, एक्स-रेत काही नाही. दुखणं खोटं नाही, त्याचा पत्ता खोटा आहे. म्हणूनच आम्ही मुठी-मुठीने खाल्लेल्या पॅरासिटामॉल आणि ब्रुफेनचा काही उपयोग झाला नव्हता. त्या गोळ्या सूज-जखमेच्या दुखण्यावरच्या. या आगीला दुसरी औषधं लागतात, मूळची डिप्रेशनची किंवा फिटची. तिला आधी रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलीन दिली. तोंडाला कोरड पडायची आणि सकाळी वर्गात जांभया यायच्या, म्हणून बदलून प्रेगाबालिन. त्याने चक्कर यायची, वजनही वाढलं, पण झोप लागायला लागली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "शून्य होणार नाही. आठाचं चार झालं आणि रात्र निघाली, की गोळी लागू पडली असं समजायचं." मला हे अपुरं वाटलं. तिला पटलं. दुखणं जिचं तिला पटलं म्हटल्यावर मी कोण.

माझ्या मुलीने तेव्हा बी.फार्मला प्रवेश घेतला होता. तिने पुस्तकात बघून मला एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मला थोडा दिलासा मिळाला आणि थोडा संतापही आला. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातल्या झां-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली हा आजार पहिल्यांदा नीट मांडला. त्याच्या तीन मुख्य खुणा त्यांनी सांगितल्या: बुबुळं थरथरणं, हात पुढे नेताना कंप, आणि तुटक बोलणं. दुखणं त्यात नव्हतं. पुढे कितीतरी पिढ्या डॉक्टरांमध्येही हा न दुखणारा आजार समजला जायचा. म्हणजे मी एकटाच मूर्ख नव्हतो. पण जगात आज एकोणतीस लाखांच्या आसपास लोकांना हा आजार आहे आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना काही ना काही दुखतं. एवढी माणसं इतकी वर्षं सांगत असतील आणि ऐकणारे खुणांची यादी बघत असतील, याचा विचार केला की कसंतरी होतं.

डॉक्टरांनी नोंद ठेवायला सांगितली. सबस्टेशनच्या लॉगशीटची सवय, मी दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि रकाने आखले: वेळ, कुठलं दुखणं, उन्हाळा-पावसाळा, झोप, काय केलं. नावं तिची. आग, करंट, पट्टा, खेच. खेच म्हणजे पोटरी नि मांडी अचानक आखडून पाय लाकडासारखा ताठ होणं, रात्री दोन-तीनदा. आणि पाचवं साधं दुखणं, कंबरेचं.

कबूल करतो, रजिस्टर उघडताना जुना संशय एका कोपऱ्यात बसलेला होताच. तो चौथ्या आठवड्यात बाहेर आला. नोंदीत दिसत होतं की रविवारी आग जास्त आणि शाळेच्या वेळात जवळजवळ नाही. मी विजयी मुद्रेने पान तिच्यापुढे धरलं. तिने वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "शाळेत दुखत नाही असं नाही हो. तिथे माझ्यापुढे तिसरीची बेचाळीस पोरं असतात." मी रविवारी गावात पत्ते खेळायला जायचो आणि ती घरात एकटी पायाकडे बघत बसायची, हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं नव्हतं.

पण त्या रजिस्टरने बरंच शिकवलं. एकाच नावाखाली आम्ही पाच वेगळ्या गोष्टी ढकलत होतो आणि एकाच गोळीने पाचही जावीत अशी अपेक्षा करत होतो. कंबरेचं दुखणं आगीसारखं नव्हतंच. ते ज्या दिवशी चालणं जास्त त्या संध्याकाळी यायचं आणि साध्या गोळीने, शेकाने जायचं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी तिला चालवून बघितलं आणि पहिल्यांदा काय केलं, तर काठी मागितली. आम्ही बाजारातून आणलेली काठी चार बोटं उंच होती आणि ती धरायची दुखऱ्या पायाच्याच बाजूला. हात सरळ सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ यायला हवी, आणि काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. अंगणात करवतीने मी काठी कापली, खाली नवं रबर बसवलं. दोन आठवड्यांत कंबर निम्म्यावर आली. तीन वर्षं आम्ही ज्याला एमएसचं दुखणं म्हणत होतो त्यातला एक भाग चार बोटं लाकूड होता.

खेचेसाठी बॅक्लोफेन सुरू झालं, पाच मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत. त्याबरोबर सकाळ-रात्र पोटऱ्यांचे ताण. त्या गोळीची एक तऱ्हा आहे, ती एकदम बंद करायची नसते. दिवाळीत दुकानात संपली तेव्हा मी म्हणालो, दोन दिवसांनी काय होतंय. दुसऱ्या रात्री दोन्ही पाय असे आखडले की तिला पलंगावर धरून ठेवावं लागलं. नशीब, तेवढ्यावर निभावलं. झटकेसुद्धा येऊ शकले असते, असं नंतर डॉक्टरांनी मला खडसावून सांगितलं.

उन्हाचं मात्र मला आधीच कळायला हवं होतं. अंग तापलं की तिचं सगळंच वाढायचं: आग, पाय जड होणं, डोळ्यापुढचा धूर. मी म्हणायचो, उकडतं सगळ्यांनाच. १८९० साली विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन डॉक्टरांनी हे टिपून ठेवलंय. पूर्वी एमआरआय नव्हता तेव्हा संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघायचे. आवरण गेलेली नस थोड्याशा उष्णतेनेही निरोप सोडून देते. शरीर गार झालं की बहुतेकदा पूर्ववत होतं, नवं नुकसान झालेलं नसतं. हे ऐकल्यावर मला लोडशेडिंगचे उन्हाळे आठवले. वरून आदेश आला की भर दुपारी फीडर बंद करणारा मीच. आमच्या घराचा फीडरही त्यातच. ती सांगायची, लाईट गेली की पाय जातात. मला वाटायचं, टोमणा मारतेय.

मग मी माझ्या हाताला येईल ते करायला लागलो. कूलर खिडकीत, मानेवर ओला पंचा, आंघोळीला माठातलं पाणी मिसळून. चादर पायाला लागू नये म्हणून पीव्हीसीच्या कंड्युट पाईपची एक चौकट केली, चार एल्बो, दोन टी, पलंगाच्या पायथ्याशी उभी. तिच्यावरून चादर टाकायची, पाय खाली मोकळे. साहित्य सत्तर रुपयांचं. पहिल्या रात्री ती चादरीखाली पाय पसरून झोपली, त्याआधी किती महिने पाय उघडे टाकून झोपत होती ते मला मोजता आलं नाही. आणखी एक गोष्ट शिकलो. मी मायेने तिच्या पावलावरून हलका हात फिरवायचो, आणि ती दात आवळून सहन करायची, मला वाईट वाटू नये म्हणून. हलका स्पर्शच तिला जाळतो. पाऊल दोन्ही हातांत गच्च धरलं तर उलट बरं वाटतं. पट्ट्याचंही तसंच. ओढणी बरगड्यांभोवती घट्ट गुंडाळली की आतला पट्टा ढिला झाल्यासारखा वाटतो म्हणते. सगळ्यांना असं होत नाही, काहींना ब्लाऊजचे हुकही सहन होत नाहीत.

२०१६ च्या डिसेंबरात अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा आला आणि त्यातल्या एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आलं. पेपरातली बातमी तिनेच मोठ्याने वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "चला, सरकारने तरी मानलं." मी हसलो. ती पण हसली. नाशिक रोडच्या बाकानंतर पहिल्यांदा.

सुधारलेला माणूस फार त्रासदायक असतो. मी दर तासाला विचारायला लागलो, "किती आहे? दहापैकी?" स्वयंपाकघरात, देवासमोर, मैत्रिणी आलेल्या असताना. रजिस्टर घेऊन मागे मागे. एक दिवस ती कणीक तिंबता तिंबता थांबली. "तुम्ही विचारलं की मला आठवतं. मी विसरलेली असते." आधी ऐकायला तयार नव्हतो तो मी आता तिला दुसरं काही बोलूच देत नव्हतो. तेव्हापासून ठरलंय: मी विचारायचं नाही, तिने सांगितलं तर शंका घ्यायची नाही. दुसरं जमतं. पहिल्याला अजून जीभ चावावी लागते.

आणि मानणं म्हणजे समजणं नव्हे, तेही २०१९ मध्ये कळलं. उजव्या गालात सणका सुरू झाल्या. दात घासताना, गार वारा लागला की, घास चावताना, सुरी फिरवल्यासारख्या, दोन-चार सेकंदांच्या. या वेळी मी लगेच विश्वास ठेवला आणि मोठ्या तत्परतेने तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक दाढ गेली, सणका राहिल्या. ती चेहऱ्याची नस होती, ट्रायजेमिनल. एमएसमध्ये हे दुखणं इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. कार्बामाझेपिनने आठवड्यात उतार पडला, पण त्याआधी रक्ताची एक जनुकीय तपासणी करावी लागली, कारण आशियाई वंशाच्या काही लोकांना त्या गोळीने अंगावरची कातडी जाण्याइतकी भयंकर अ‍ॅलर्जी येते. आता अधूनमधून रक्तातलं सोडियम बघतो. दाढेची जागा रिकामीच आहे. ऊस खायचा झाला की तिला माझी आठवण येते, असं ती म्हणते.

गेल्या वर्षी पुण्यात मुलीकडे असताना तिथल्या रुग्णांच्या एका बैठकीला गेलो. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून मुंबईत आहे आणि पुण्यातही तिचं काम चालतं, हे आम्हाला जळगावात बसून इतकी वर्षं माहीत नव्हतं. चहाच्या वेळी एक गृहस्थ माझ्याजवळ आले. बायकोला तीन वर्षांपासून आजार आहे म्हणाले. इकडेतिकडे बघून आवाज खाली करत त्यांनी विचारलं, "तुमच्या मिसेसचंही पाय बधिर आहे म्हणतात आणि आगही होते म्हणतात, असं आहे का? म्हणजे, कसं शक्य आहे ते?" मी त्यांना कापसाचा बोळा सांगितला, पिन सांगितली, बंद लाईन सांगितली. टेस्टर नाही सांगितला. घरी येताना हिने विचारलं, इतका वेळ काय बोलत होतात त्यांच्याशी? म्हटलं, लाईनीचं.

रजिस्टर अजून आहे. दुखण्याच्या नोंदी आता तीच करते, आठवड्यातून एखादी, मनात आलं तर. बाकीच्या पानांवर दुधाचा हिशेब, गॅसच्या तारखा, भरताच्या वांग्यांचा भाव. परवा मी पेन शोधताना उघडलं. तिच्या शिक्षिकी अक्षरात शेवटची ओळ होती: "आग चार. झोप बरी. चौकटीचा डावा एल्बो हलतोय, यांना सांगायचं."

मी गच्चीवरून सोल्युशनची ट्यूब आणायला गेलो.